धुराड्याविना गॅसची ऊब: निगा, सफाई आणि खोलीतील हवा

नेपाळमधील दामन हे दोन हजार मीटरहून अधिक उंचीवरचे थंड हवेचे ठिकाण आहे. २१ जानेवारी २०२० रोजी तेथील एका रिसॉर्टच्या खोलीत केरळमधून सहलीला आलेले आठ पर्यटक बेशुद्धावस्थेत आढळले. त्यांत चार लहान मुले होती. हेलिकॉप्टरने काठमांडूला हलविल्यानंतर आठही जणांना मृत घोषित करण्यात आले. कडाक्याच्या थंडीमुळे खोलीत गॅसचा हीटर लावलेला होता, खिडक्या बंद होत्या आणि दाराला आतून कडी होती. खोलीत ना स्फोट झाला होता, ना आग लागली होती.

ज्या प्रकारच्या उपकरणामुळे हे घडले, ती उपकरणे हिमालयाच्या पायथ्यापासून लेहपर्यंत घरांत, हॉटेलांत आणि होमस्टेमध्ये सर्रास दिसतात. मागच्या बाजूस सिलिंडर ठेवून चाकांवर ढकलता येणारा, पुढे तीन तापत्या जाळ्या असलेला हीटर हे त्यांचे सर्वपरिचित रूप. अमेरिकेत दिवाणखान्याच्या भिंतीत बसविली जाणारी, कृत्रिम लाकडाच्या ओंडक्यांतून ज्वाळा दाखविणारी धुराडेविरहित गॅस फायरप्लेस ही त्याचीच श्रीमंत बहीण. डोंगराळ भागांतील काही बंगल्यांत आणि महागड्या हॉटेलांत ती आता भारतातही दिसू लागली आहे. दोहोंचे रूप वेगळे असले तरी तत्त्व एकच आहे. ज्वलनातून निघणारे वायू बाहेर नेणारी नळी त्यांना नसते. जे काही जळते, त्याचा सारा उत्सर्ग माणसे ज्या हवेत श्वास घेतात तिथेच मिसळतो.

काश्मीर-हिमाचलातील पारंपरिक बुखारीला निदान पत्र्याचा पाइप असतो. तो तुंबला तर बुखारीही जीवघेणी ठरते. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचा १९०२ मध्ये पॅरिसमधील राहत्या घरी झालेला मृत्यू तुंबलेल्या धुराड्यामुळेच झाला होता. धुराडेविरहित उपकरणात मात्र खोली हेच धुराडे असते. म्हणूनच त्याची सफाई हा घर नीटनेटके ठेवण्याचा भाग नसून सुरक्षेचा भाग आहे, आणि ती कितीही चोख केली तरी उघड्या झरोक्याची जागा घेऊ शकत नाही.

हिशेब खोलीतील हवेचा

एक किलो एलपीजी पूर्णपणे जळण्यासाठी सुमारे बारा घनमीटर हवा लागते. त्यातून जवळपास तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड लिटरहून अधिक पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. तीन जाळ्यांचा हीटर पूर्ण क्षमतेने चालविल्यास तासाला साधारण तीनशे ग्रॅम गॅस जाळतो. बारा फूट लांब, बारा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशी खोली घेतली, तर तिच्यात सुमारे ४१ घनमीटर हवा मावते. अशी खोली फटींसकट पूर्ण बंद केली, तर हवेतील प्राणवायूचे प्रमाण २१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर यायला साध्या गणिताने दीड तास पुरतो. प्रत्यक्षात दारेखिडक्यांच्या फटींतून हवा येत असते, त्यामुळे वेळ लांबतो. परंतु थंडीच्या प्रदेशात याच फटी कापडाने आणि चिकटपट्टीने बुजविण्याची रीत आहे, हेही विसरता येत नाही.

उंचीची भर वेगळी. लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे. तेथील हवेचा दाब समुद्रसपाटीवरील दाबाच्या जेमतेम दोन तृतीयांश असतो, म्हणजे तेवढ्याच खोलीत प्राणवायूही तेवढाच कमी. सपाट प्रदेशासाठी जुळविलेला बर्नर तिथे नेल्यास गॅस जास्त आणि हवा कमी अशी अवस्था होऊ शकते. उपकरण किती उंचीपर्यंत वापरावे, हे उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेले असते. खरेदीच्या वेळी ते पान क्वचितच कोणी वाचते.

प्राणवायू अपुरा पडला किंवा ज्वाळा नको तिथे थंड पृष्ठभागावर आदळली, की ज्वलन अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही, डोळ्यांत चुरचुर नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे ते अडीचशे पट अधिक घट्टपणे जोडला जातो. हवेच्या दहा लाख भागांत त्याचे दोनशे भाग असतील तर दोन-तीन तासांत डोकेदुखी सुरू होते. सोळाशे भाग असतील तर वीस मिनिटांत डोके दुखून मळमळू लागते आणि तासाभरात मृत्यू ओढवू शकतो.

इथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. एलपीजीला येणारा उग्र वास हा गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा असतो. गॅस जळताना तोही जळून जातो. 'वास येत नाही, म्हणजे सारे ठीक आहे' हे विधान गळतीपुरतेच खरे आहे; कार्बन मोनॉक्साइडबाबत त्याला काहीही अर्थ नाही.

ज्वाळा वाचणे

महागडे यंत्र नसतानाही उपकरणाची प्रकृती बऱ्याच अंशी ओळखता येते. जाळीचा हीटर पेटवून काही मिनिटांनी तिन्ही जाळ्या सारख्याच नारिंगी-लाल तापलेल्या दिसाव्यात. एखादा भाग काळपट राहत असेल तर तेथील छिद्रे धुळीने बुजली आहेत किंवा गॅसचा दाब कमी आहे. जाळीच्या पृष्ठभागावर पिवळ्या ज्वाळा नाचत असतील, पेटविताना 'भप्' असा आवाज होऊन ज्वाळा आत ओढली जात असेल किंवा जाळीला तडा दिसत असेल, तर हीटर तत्काळ बंद करावा.

फायरप्लेसचे वाचन थोडे अवघड आहे, कारण खऱ्या लाकडाचा भास व्हावा म्हणून तिची ज्वाळा मुद्दामच काहीशी पिवळी ठेवलेली असते. तिथे बुडाशी निळी आणि टोकाला पिवळी, स्थिर ज्वाळा स्वाभाविक मानली जाते. नवे उपकरण बसविल्यावर ज्वाळेचे एक छायाचित्र काढून ठेवावे. पुढे दर हंगामात त्याच्याशी तुलना करता येते. ज्वाळा पूर्वीपेक्षा उंच, गडद पिवळी वा धूसर टोकाची झाली असेल तर काहीतरी बिघडले आहे.

सर्वांत स्पष्ट खूण काजळीची. योग्य ज्वलन होणाऱ्या गॅस उपकरणावर काजळी धरता कामा नये. ओंडक्यांवर, जाळीवर किंवा वरच्या भिंतीवर काळा थर दिसला की घरोघरी तो फडक्याने पुसला जातो आणि विषय संपतो. वस्तुतः तो थर म्हणजे उपकरणाने लेखी दिलेली तक्रार असते. कारण सापडेपर्यंत ते पुन्हा पेटवू नये.

हंगामापूर्वीची सफाई

ही उपकरणे वर्षातील सात-आठ महिने कोपऱ्यात पडून असतात. त्या काळात धूळ, केसांचे व लोकरीचे तंतू, पाळीव प्राण्यांचे केस बर्नरच्या हवाद्वारापाशी साचतात; पावसाळ्यात गंज धरतो; आणि कोळी तर गॅस व हवा मिसळणाऱ्या नळीच्या तोंडाशी जाळे विणण्यासाठीच जन्माला आला आहे असे वाटावे, इतक्या वेळा तंत्रज्ञांना तिथे जाळी सापडतात. हवेचे द्वार अर्धे बुजले तरी गॅस पूर्वीइतकाच येत राहतो, आणि अर्धवट ज्वलनाला नेमके तेवढेच हवे असते. म्हणून पहिली थंडी पडण्यापूर्वी सफाई उरकावी आणि तंत्रज्ञाकडून वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी.

काम सुरू करण्यापूर्वी गॅसचा मुख्य कॉक बंद करावा, सिलिंडर असल्यास रेग्युलेटर काढून ठेवावा. उपकरण आदल्या रात्रीपासून बंद असलेले बरे; जाळी आणि ओंडके बाहेरून थंड वाटले तरी आत बराच वेळ धग धरून असतात.

फायरप्लेसमधील ओंडके उचलण्यापूर्वी त्यांच्या मांडणीचे छायाचित्र घ्यावे. ही सूचना किरकोळ वाटते. पण ओंडक्यांची जागा शोभेसाठी नव्हे, तर ज्वाळेच्या मार्गाचा विचार करून ठरविलेली असते. ओंडका दोन बोटे पुढे सरकला तर ज्वाळा त्यावर आदळते, निवते आणि काजळी व कार्बन मोनॉक्साइड दोन्ही निर्माण करते. म्हणूनच ओंडके जाळीवरील खुंट्यांत जिथल्या तिथे परत बसले पाहिजेत. 'जरा अधिक नैसर्गिक दिसावे' म्हणून स्वतःच्या कल्पनेने मांडणी बदलणे, वेगळ्या कंपनीचे ओंडके आणून घालणे, शोभेचे दगड वा शिंपले ठेवणे हे सारे वर्ज्य आहे. निखाऱ्यांचा आभास देणारे तंतू बर्नरच्या छिद्रांवर दाबून भरू नयेत.

ओंडके सिरॅमिक तंतूंचे असतील तर ते ठिसूळ असतात. रंगकामाच्या मऊ ब्रशने धूळ हलक्या हाताने झटकावी. पाणी, साबण, घासणी वापरू नये. दीर्घकाळ तापलेल्या अशा तंतूंची धूळ फुप्फुसांना अपायकारक असते, म्हणून नाकातोंडावर चांगला मास्क लावावा आणि सांडलेली भुकटी झाडूने उडविण्याऐवजी ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. तडा गेलेला ओंडका चिकटवून वापरू नये, बदलावा.

बर्नरच्या छिद्रांवरील धूळ मऊ ब्रशने काढावी आणि आजूबाजूचा केर व्हॅक्यूम क्लीनरच्या मऊ तोंडाने ओढून घ्यावा. नियंत्रण-खटक्यांचा खालचा कप्पा हमखास विसरला जातो. सर्वाधिक तंतू तिथेच सापडतात. तीन जाळ्यांच्या हीटरमध्ये सिलिंडरचा कप्पाही आतून पुसावा, कारण बर्नरला लागणारी हवा बहुधा त्याच बाजूने येते. जाळ्यांवर पाणी मारू नये, तारेचा ब्रश चालवू नये.

नोझलचे छिद्र हा मात्र घरच्या माणसाचा प्रांत नाही. स्टोव्हच्या काळापासून आपल्याकडे पिन मारण्याची सवय आहे. गॅसच्या नोझलला पिन मारल्यास छिद्र केसभर मोठे होते, गॅस जास्त येऊ लागतो आणि हवेशी असलेले प्रमाण कायमचे बिघडते. नोझल तुंबले असेल तर तंत्रज्ञाने ते काढून साफ करावे किंवा बदलावे. तसेच एलपीजी आणि पाइपने येणारा नैसर्गिक वायू यांची नोझले वेगळी असतात. शहरात पाइपलाइन आली म्हणून तोच हीटर तिला जोडून देणे धोक्याचे आहे.

सफाईनंतरची पहिली पेटवणी खिडक्या उघड्या ठेवून करावी. सुरुवातीला जळक्या धुळीचा वास येतो, तो थोड्या वेळात जायला हवा. नंतर कधी रॉकेलसारखा किंवा डोके चढविणारा वास येऊ लागला, तर खोलीत नुकताच दिलेला रंग, वॉर्निश, अगरबत्ती, डासनाशक किंवा सुगंधी फवारा हे कारण असू शकते. या पदार्थांची वाफ ज्वाळेतून जाते आणि तिचे विघटन होते. अशा दिवशी उपकरण बंदच ठेवलेले बरे. फायरप्लेसमध्ये कागद, धूप, नारळाच्या शेंड्या टाकणे हा तर निव्वळ अविचार. तिच्यात खरा धूर जायला वाटच नाही.

वारंवार विझणारी पायलट ज्योत

चांगल्या प्रतीच्या धुराडेविरहित उपकरणांत प्राणवायू कमी झाल्यास गॅस तोडणारी यंत्रणा असते. तिची रचना साधी आहे. एक छोटी पायलट ज्योत थर्मोकपल नावाच्या धातूच्या टोकाला सतत तापवीत असते आणि त्या उष्णतेतून निर्माण होणाऱ्या अल्पशा विजेवर गॅसची झडप उघडी राहते. खोलीतील प्राणवायू सुमारे १८ टक्क्यांवर आला की ज्योत लांबट होऊन थर्मोकपलपासून दूर सरकते, टोक थंड होते, झडप मिटते. बॅटरी नको, तारा नकोत.

पायलटला हवा देणारे छिद्र अगदी बारीक असते. त्यात धूळ गेली की ज्योत पिवळी व लुळी पडते आणि हीटर पुन्हा पुन्हा विझू लागतो. इथेच सर्वांत घातक उपाय केला जातो. 'सेन्सर खराब आहे' असे म्हणून एखादा खटपट्या थर्मोकपल वाकवून ज्योतीत खुपसतो किंवा झडप कायमची उघडी राहील अशी व्यवस्था करतो. हीटर मग विझत नाही, पण खोलीतील शेवटचा पहारेकरीही उरत नाही. योग्य क्रम असा: उपकरण विझल्यास आधी खिडकी उघडावी, कारण प्राणवायू खरोखरच कमी झालेला असू शकतो. हवा खेळती असतानाही ते विझत असेल तर पायलटची तंत्रज्ञाकडून सफाई करून घ्यावी. तेवढ्याने भागले नाही तर हा भाग दुरुस्त न करता संपूर्ण बदलावा, असेच उत्पादक सांगतात.

या यंत्रणेची मर्यादाही ठाऊक हवी. ती प्राणवायू मोजते, कार्बन मोनॉक्साइड नव्हे. बर्नर घाण झालेला असेल, ओंडका सरकलेला असेल, तर पुरेसा प्राणवायू असलेल्या खोलीतही विषारी वायू साचू शकतो आणि पायलट ज्योत मात्र शांतपणे तेवत राहते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने राहत्या घरांत अशा हीटरांना मनाई केली आहे. जिथे परवानगी आहे, तिथेही शयनगृहासाठी दहा हजार आणि न्हाणीघरासाठी सहा हजार ब्रिटिश थर्मल युनिट, म्हणजे अनुक्रमे सुमारे तीन आणि पावणेदोन किलोवॉट, अशी मर्यादा सर्वसाधारणपणे पाळली जाते. आपल्याकडील तीन जाळ्यांचा हीटर चार किलोवॉटच्या आसपास असतो आणि बहुतेक वेळा तो झोपायच्या खोलीतच ठेवला जातो.

जोडणीची तपासणी स्वयंपाकघरातल्यासारखीच करावी. आयएसआय चिन्हांकित, तारेची वीण असलेली सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी. सांध्यांवर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहावे. काडी पेटवून गळती शोधू नये. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळलेला गॅस जमिनीलगत साचतो. गळतीचा संशय आल्यास १९०६ हा मदत क्रमांक देशभर उपलब्ध आहे. कडक थंडीत सिलिंडरमधील ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायुरूप होईनासा होतो आणि दाब पडतो. तेव्हा सिलिंडर आगीने किंवा हीटरसमोर ठेवून गरम करण्याचे प्रकार घडतात. ते कोणत्याही परिस्थितीत करू नयेत.

झरोका आणि इशारायंत्र

उपकरण चालू असताना एक खिडकी निदान दोन बोटे उघडी असावी आणि शक्य असल्यास समोरासमोर दोन झरोके असावेत, एक जमिनीलगत व एक छताजवळ. ऊब वाया जाते ही तक्रार खरी आहे, पण ती ऊब त्याच अटीवर मिळते. खिडकीच्या काचांवरून पाण्याचे ओघळ येऊ लागले तर ज्वलनातील वाफ बाहेर जात नाही असे समजावे. जी हवा वाफ नेत नाही, ती इतर वायूही नेत नाही. त्यांत नायट्रोजन डायऑक्साइड असतो, आणि दमेकऱ्यांना व लहान मुलांना त्याचा त्रास आधी जाणवतो. झोपण्यापूर्वी हीटर बंद करावा, याला अपवाद नाही.

कार्बन मोनॉक्साइडची सूचना देणारे यंत्र भारतीय घरांत अजून दुर्मीळ आहे. ते आणि गॅसगळती ओळखणारे यंत्र या दोन वेगळ्या वस्तू आहेत. युरोपीय मानक ईएन ५०२९१ नुसार बनविलेले यंत्र दहा लाखांत ५० भाग वायू असल्यास तास-दीड तासात आणि ३०० भाग असल्यास तीन मिनिटांच्या आत वाजते. त्यातील संवेदकाला आयुर्मर्यादा असते. यंत्रावर छापलेली बदलाची तारीख पाहावी. हिवाळ्यात काश्मीर, हिमाचल किंवा सिक्कीमला जाणाऱ्या महाराष्ट्रातील पर्यटकांनी बॅटरीवरचे एक यंत्र सामानात ठेवले तर स्वेटरपेक्षा फार जागा व्यापणार नाही.

डोंगरात न जाणाऱ्यांनाही हा विषय परका नाही. पुणे-मुंबईपासून दिल्लीपर्यंत न्हाणीघरांत लावलेला छोटा गॅस गिझर हे याच कुळातले उपकरण आहे. मिनिटाला सहा लिटर पाणी तापविणारा गिझर दहा-बारा किलोवॉट उष्णता निर्माण करतो. म्हणजे स्वयंपाकाच्या शेगडीचे पाच-सहा बर्नर एकदम पेटवून, दार लावून त्या इवल्याशा खोलीत उभे राहण्यासारखे. भारतीय मानक ब्युरोचे आयएस १५५५८ हे मानक या गिझरांसाठी आहे. परंतु चिन्ह असलेला गिझरही न्हाणीघराबाहेर, उघड्या बाजूस बसविणेच योग्य. त्याच्या बर्नरवरही क्षार आणि धूळ साचते, आणि एकामागोमाग चौघांनी आंघोळ केल्यावर शेवटच्याला भोवळ येणे हा योगायोग नसतो.

लक्षणे आणि उपचार

डोकेदुखी, मळमळ, चक्कर, हातापायांतील बळ जाणे ही लक्षणे फ्लू, अपचन किंवा उंचीवरील विरळ हवेच्या त्रासासारखीच दिसतात. त्यामुळे डोंगराळ भागात चुकीचे निदान सहज होते. भेद ओळखण्याच्या दोन खुणा: एकाच खोलीतील अनेकांना एकाच वेळी त्रास होणे आणि बाहेर मोकळ्या हवेत गेल्यावर बरे वाटणे. संशय येताच सर्वांना बाहेर न्यावे, दारेखिडक्या उघडाव्यात, गॅस बंद करावा आणि ११२ किंवा १०८ वर मदत मागावी. बेशुद्ध व्यक्तीला काढण्यासाठी बंद खोलीत धावत जाणारे स्वतःच कोसळल्याची उदाहरणे आहेत. आधी हवा आत येऊ द्यावी.

रुग्णालयात पोहोचल्यावर 'खोलीत गॅसचा हीटर चालू होता' हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर कार्बन मोनॉक्साइड बसलेले हिमोग्लोबिन आणि प्राणवायू बसलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. रुग्ण गंभीर असतानाही तो ९८ टक्के दाखवू शकतो. निदानासाठी रक्तातील कार्बोक्सीहिमोग्लोबिनची तपासणी लागते. साध्या हवेत या विषाचे रक्तातील प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, तर मास्कद्वारे शुद्ध प्राणवायू दिल्यास तास-दीड तास. बरे वाटू लागल्यानंतरही काही रुग्णांत दोन-चार आठवड्यांनी विस्मरण, चालण्यातील अडखळ किंवा स्वभावातील बदल दिसून येतात. त्यासाठी पुन्हा तपासणीची तारीख घेऊनच घरी परतावे.